बिनवासाचं पाणी

चौदा रुपये बारा पैसे.
शिवलेलं पोतं. त्यावर पाल.
औरंगपुरा, तिसरा मजला, पंखा बंद.
"चहा घशाखाली उतरत नाय."
आजारी: शून्य.

चौसष्ट ग्रामपंचायती पाण्यावर किती खर्च करतात आणि त्यातून काय साधतं, हे मोजणं विशाखाचं काम. माणशी खर्च कमी, आजारी कमी, ते गाव पहिलं. पहिल्याचा खर्च हाच पुढच्या वर्षी सगळ्यांना मिळणाऱ्या निधीचा दर. यादी आज पाचला सहीनिशी द्यायची होती.

पहिली आली माळवाडी, देवगाव रंगारीच्या पुढचं गाव: माणशी चौदा रुपये बारा पैसे, आजारी शून्य. सकाळी ती न कळवता जाऊन आली. पाणी सोडणाऱ्या मुंजाबांनी टाकीखालची खोली उघडली. आत ब्लीचिंग पावडरचं पोतं.

"फोडलंच नाही, मामा?"

"दोन सालं झाली. बाया भांडत्यात, चहाला वास येतो म्हणून. ह्याचा जोर गेलाय आता, म्हणून साहेब तपासाय यायचे असले की शेजारगावातून पसाभर आणून टाकतो. तुमी सांगून तर यायचं, ताई!"

"आणि आजारी कुणीच नाही?"

"हायेत की. जुलाबानं निम्मी आळी आडवी हाय. पण सरकारी दवाखान्यात कोण जातंय? देवगावला खासगीत सलाईन लावत्यात. ते तुमच्या कागदावर कसं येईल?" मुंजाबा हसले. "पैला नंबर म्हणं आमचा. हार आणू का?"

साडेतीनला औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात येऊन तिनं माळवाडी खोडली. तक्ता वर सरकला. दुसरं गाव पहिलं झालं. तिनं तिथल्या सरपंच केसरबाईंना फोन लावला.

"पावडर टाकता ना?"

"कशातून टाकू, बाई? गेल्या साली वरून दर आला. त्यात मोटारीचं बिल भागतं, बस."

खोडलं. तिसरं गाव. चौथं. दर वेळी तेच उत्तर, आजारी शून्य.

नऊ गावं खोडल्यावर तिनं यादीच्या तळाच्या गावाला फोन केला. खर्च दुप्पट, आजारी एकवीस, सगळे सरकारी दवाखान्यात नोंदवलेले. ग्रामसेवक भारत म्हणाला, "आम्ही रोज टाकतो, मॅडम. पण लई झालं. दोनदा शेवटून पहिले आलो. सोमवारपासून बंद करतोय."

"बंद करू नका. ऐका माझं."

"मग नंबर द्याल का वरचा?"

फोन त्यानंच ठेवला.

पाच वाजता वरून विचारणा झाली. सही करणार नाही, ती म्हणाली.

"हरकत नाही. गेल्या वर्षीचाच दर चालू ठेवू."

गेल्या वर्षीच्या दराखाली सही विशाखाची होती.