दारावरून धरलेलं माप

ऑफिसात सगळे तिला मिलिमीटरताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण पाठीमागे म्हणत ते याहून वाईट होतं. काम म्हणाल तर एवढंच, की इमारतींचे नकाशे पीडीएफ होऊन तिच्याकडे येत आणि ती त्यांवर प्रमाणात लाल रेघा मारून दाखवी: ही भिंत इकडे सरकवा, तो पाइप तिथून न्या, या जिन्याला एक पायरी कमी पडतेय. तिची लाल रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भलेभले इंजिनिअर वाद घालायला येत आणि पाणी पिऊन परत जात.

अशा बाईच्या हातून चूक होते तेव्हा ती काही किरकोळ नसते.

तिचे बाबाही नकाशेवालेच, पण कागद-पेन्सिलीच्या जमान्यातले. आई गेल्यापासून ते एकटे राहत आणि एकट्याने राहणाऱ्या माणसाचं जे होतं ते त्यांचं होऊ लागलं होतं. दूध उतू जाई, औषध राहून जाई, फोन उचलला की आवाज सकाळपासून न बोललेल्या माणसासारखा येई. ‘माझ्याकडे या’ म्हणून ती दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. नवं घर घेतलं तेव्हा त्यातली एक खोली तिने त्यांच्याच नावाने ठेवली, आणि बाबांनी एकदाचा होकार दिला.

“येतो. पण माझं मेज माझ्याबरोबर येणार. मेज नाही तर मीही नाही.”

मेज म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली जाडजूड फळी आणि तिच्या खाली एक अरुंद खण. लांबी अठराशे तीस मिलिमीटर. बाबा येणार की नाही, हे आता त्या फळीवर येऊन ठेपलं होतं.

घराच्या किल्ल्या अजून मिळायच्या होत्या, पण नकाशा होता. तो पाठवणाऱ्याने कसाही दाबून लहान केला होता, त्यामुळे खाली छापलेल्या प्रमाणाला काही अर्थ उरला नव्हता. असा नकाशा आला की आधी एखादं लिहिलेलं माप धरून स्केल बसवायचं, म्हणजे त्या मापाच्या दोन टोकांवर टिचक्या मारून आकडा सांगायचा. पुढची सगळी मापं संगणक त्यावरून काढतो. तिच्या स्क्रीनवर बाबांची खोली मोठी करून उघडलेली होतीच. खोलीच्या दारावर नऊशे लिहिलं होतं. तिने टिक, टिक केलं आणि स्केल बसवलं.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. खिशातून लाकडी मोजपट्टी काढून त्यांनी ती सरळ स्क्रीनला लावली. तेवढ्यात तिने चित्र आणखी मोठं केलं.

“अगं, खोली वाढली!”

“बाबा, पट्टी काढा. मी झूम केलं.”

“मग कमी कर. बघू दे जरा.” तिने कमी केलं. “आता आक्रसली! हे घर आहे की फुगा?”

“संगणक बरोबर मोजतो. चार दशांशांपर्यंत.”

“चुकीचं माप दिलंस तर तेही चार दशांशांपर्यंत मोजेल. स्केल कशावरून धरलंस?”

“दारावरून.”

बाबांनी नकाशाच्या तळाशी बोट टेकवलं. तिथे सबंध घराची लांबी लिहिली होती, तेरा हजार चारशे. “एवढं लांब माप समोर असताना सगळ्यांत लहान कशाला धरायचं? लहानात केसभर चूक झाली तर लांबात हातभर होते.”

हेच वाक्य ती ऑफिसात नव्या लोकांना आठवड्यातून दोनदा ऐकवत असे. पण स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या, त्यातही वडलांच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडतं? “बाबा, चाळीस वर्षांपूर्वीचं आता नका शिकवू मला,” ती म्हणाली. बाबांनी मोजपट्टी खिशात ठेवली.

बाबांच्या खोलीची भिंत तीन हजार सत्तर निघाली. तिने बाराशेचं कपाट आखलं, अठराशे तीसचं मेज आखलं, वर चाळीस मिलिमीटर हवा खेळायला ठेवली आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं: ‘मापात बदल करू नये. शंका काढू नयेत.’ आणि नकाशा सुताराला पाठवून दिला.

किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी सुताराचा फोन आला. “ताई, भिंत फूटभर कमी भरतेय.”

“भिंत कशी कमी भरेल? तुमची टेप जुनी झाली असेल, मिस्त्री. बदला.”

सुतार गरीब माणूस, शब्द पाळणारा. त्याने नवी टेप घेतली, पुन्हा मोजलं, कपाळाला हात लावला आणि बाराशेचं कपाट भिंतीत पक्कं ठोकून दिलं.

सामान आलं त्या सकाळी हमालांनी फळी आडवी नेली, तिरकी नेली, उभी नेली. तिसऱ्या खेपेला एका हमालाने विचारलं, “ताई, ही याच खोलीसाठी आहे ना?” शेवटी मेज बाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये मांडलं गेलं आणि बाबा त्यामागे खुर्ची टाकून बसले. येणारे-जाणारे शेजारी त्यांना नव्या सोसायटीचे क्लार्क समजले. एका बाईंनी तर पाण्याची तक्रारही सांगितली. बाबांनी ती लिहून घेतली.

ती आत दाराशी उकिडवी बसून चौकट मोजत होती. नऊशे होते ते चौकटीच्या बाहेरच्या कडांमध्ये. तिने टिचक्या मारल्या होत्या त्या आतल्या कडांवर. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस, मिळून नव्वद मिलिमीटर दारात गेले आणि त्या हिशेबाने भिंत कागदावर फूटभर वाढली. ऑफिसात हे कळलं तर काय, हा विचार आला आणि गेलाही. बाबा आता परत जाणार, एवढंच डोक्यात राहिलं.

ती पॅसेजमध्ये आली. “बाबा, माझं चुकलं.” हे शब्द तिच्या तोंडात इतके नवे होते, की कपाटाच्या उरल्यासुरल्या कामाला आलेला, दारात उभा सुतारही चपापला. “स्केल चुकीचं बसलं. तुम्ही सांगत होतात आणि मी... मी कपाट काढून टाकायला सांगते.”

“काही नको. नवं कोरं कपाट आहे, त्याने काय गुन्हा केलाय? आधी खाली वाक.”

ती मेजाखाली वाकली. फळीच्या एका टोकाशी कड ओबडधोबड होती. करवतीचे दात अजून दिसत होते.

“फळी पूर्वी दोन मीटरची होती,” बाबा म्हणाले. “आपल्या जुन्या घराचा नकाशा मीच काढला होता. तुझ्या आईने शिवणाच्या टेपने खोली मोजली आणि म्हणाली, मावणार नाही. मी म्हणालो, तुझी टेप सैल झालीय, बदल.”

सुतार खोकला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मग?”

“मग काय, सामान आलं त्या दिवशी मी कापत होतो आणि ती दुसरं टोक धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.” बाबांनी खण ओढला. पेन्सिली, खोडरबर आणि कोपऱ्यात गुंडाळलेली एक पिवळी टेप. आकडे बोटांनी पुसट झालेले. “तेव्हापासून काहीही काढलं की शेवटी हिने मोजायचो. धर.”

तिला रडू आलं आणि ते लपवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून ती तशीच रडत टेप घेऊन खोलीत गेली. कपाटापासून भिंतीपर्यंत तिने टेप लावली, संपली तिथे नखाने खूण करून पुढे धरली.

“एकशे छप्पन्न सेंटिमीटर, वर थोडंसं,” तिने आतून सांगितलं.

“थोडंसं म्हणजे किती?” बाबा बाहेरून ओरडले. “मिस्त्री, करवत काढा. आणि तू परत मोज.”

तिने परत मोजलं.