सावद्याच्या जीपचा शेवटचा बोर

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. सावद्याच्या कमलबाईंच्या पेट्रोल जीपमध्ये माझे सारे आयुष्य गेले.

वितळलेले लोखंड साच्यात ओतले, तेव्हा माझा जन्म झाला. माझ्या पोटात चार गोल नळ्या आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येकीत एक पिस्टन वर-खाली धावतो आणि त्या धावण्यावर गाडी चालते. धावून धावून नळीची भिंत झिजते. मग कारागीर ती आतून थोडी कापून गुळगुळीत करतो आणि मोठा पिस्टन बसवतो. या कापण्याला बोर म्हणतात. पण लोखंड पुन्हा उगवत नाही. बोर मोजकेच करता येतात. त्यापुढे भिंत इतकी पातळ होते, की पलीकडे मला गार ठेवणारे पाणी आत फुटते. मग माझी जागा भंगारात.

कमलबाईंचे यजमान कौतिकराव यांनी मला आणले. केळीचे कंद, खताच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडे, अडलेल्या बाळंतिणी, सर्वांना मी वाहिले. कमलबाई गाडी शिकल्या त्या माझ्यावरच. दूरच्या बागेतले मजूर माझा आवाज ऐकून म्हणत, "अक्का आली." कौतिकराव गेल्यावर बाईंनी स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही.

पुढे मी थकले. तेल जाळू लागले, चढावर दमू लागले. बाईंचा मुलगा योगेंद्र याने एक डिझेल इंजिन आणून माझ्यासमोरच ताडपत्रीखाली ठेवले.

"माय, जुन्याचं एकदाच काम करून पाहू," तो म्हणाला. "ते बिघडलं तर हे बसवायचं. मग मला अडवू नको."

कमलबाईंनी होकार दिला. त्या दिवसापासून त्या ताडपत्रीकडे पाहण्याचे मी टाळू लागले.

मे महिन्याच्या उन्हात मला जीपमधून काढून, खोलून उघड्या टेम्पोतून जळगावला नेले. लीलाधर नावाच्या कारागिराचे वर्कशॉप मोठे होते. दारातच रंगवलेली इंजिने मांडलेली होती. त्याने माझ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवले.

"एकच बोर झालेला दिसतो, मावशी. अजून भरपूर जीव आहे. आत्ता मशीनवर चढवतो, संध्याकाळी घेऊन जा. शंभर टक्के ग्यारंटी!"

मी हादरले. मला पूर्वी उघडणाऱ्यांनी किती कापले, याची खूण एकानेही ठेवली नव्हती. माझ्यात फक्त एक बोर उरला होता, हे मला ठाऊक होते. पण सांगणार कसे? मशीनचे पाते माझ्या तोंडाशी आले.

"थांबा," कमलबाई म्हणाल्या. "मोजलं नही, अन् कापता?"

"आमच्या बोटाला कळतं, मावशी."

"आमच्या बागेतबी असे व्यापारी येतात. घड भरला का नही ते पाह्यत नही, आल्याआल्या विळा काढतात. कापलेला घड मी खोडाले परत चिकटवू का? उतरवा माझं इंजिन."

टेम्पोत योगेंद्र वैतागला. "इंजिन आहे माय, सोयरीक नही. किती घरं पाहशील?"

"तुह्या सोयरिकीत मुलगी बोलत तरी होती. हे मुकं आहे, याच्यासाठी जास्त पाहीन."

टेम्पो धुळ्याला पोचला. तिथले कारागीर अभिमन हे वयाने पन्नाशीचे आणि स्वभावाने तिखट होते. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला.

"आक्का, हाई तपेल शे. आज मी मोजाव नई. ठेवी जा, सकाय या."

मित्रांनो, त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तापलेले लोखंड फुगते आणि माप खोटे येते. गरम असताना कापले, तर गार झाल्यावर नळी आकसते आणि पिस्टन अडकून बसतो.

योगेंद्रला मात्र मला तिथे ठेवून जाणे पटेना. "अन् सकाळी दुसरंच इंजिन हाती दिलं तर?"

अभिमन रागावले नाहीत. त्यांनी हातोडी आणि टोकदार पंच त्याच्या हाती दिला. "तुनी खूण करी ले, जठे मन व्हई तठे. मी तोंड फिरावस." आणि ते खरोखर पाठ करून उभे राहिले. योगेंद्रने माझ्या कडेला एक बारीक ठिपका ठोकला. घाव लागला, पण मला धीर आला.

मायलेकांनी नातलगांकडे मुक्काम केला. सकाळी योगेंद्रने आधी आपला ठिपका शोधला. तो जागेवर होता. मी गार झाले होते. अभिमन यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि तळाशी मोजला. चौथ्यापाशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आक्का, एकच बोर बाकी शे. आन् चौथामा खोल चर शे. तो चर निघस का भिंत फुटस, ते कापानंतरच समजी. मी ग्यारंटी देत नई."

"आतून लाइनरची नवी नळी बसवली तर?" योगेंद्रने विचारले.

"त्यानासाठे आखो जास्त कापनं पडी. तितली जाडीच नई."

"माय, जळगाववाला तरी शंभर टक्के देत होता."

"त्यानं मोजलं नव्हतं," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "कापा, अभिमनभाऊ."

पाते फिरू लागले. केसासारखा कीस पडे, मशीन थांबे, माप घेतले जाई, पुन्हा पाते फिरे. तीन सिलिंडर सुखरूप झाले. चौथ्यातला चर पुसट झाला, पण जाईना. अभिमन यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी होकाराची मान हलवली. शेवटचा कीस पडला. चर गेला, पण भिंत राहिली होती का?

अभिमन यांनी माझ्या भिंतींमागे पाणी भरून दाब दिला. थोड्या वेळाने कमलबाईंनी एक स्वच्छ फडके चौथ्या सिलिंडरमध्ये सगळीकडून फिरवले, बाहेर काढले आणि आपल्या गालाला लावले.

"कोरडं आहे," त्या म्हणाल्या आणि तिथेच स्टुलावर बसल्या.

निघताना अभिमन यांनी पंच घेतला आणि योगेंद्रच्या ठिपक्याशेजारी अक्षरे ठोकली: 'शेवटचा बोर'.

"मना नंतर कोनी उघाडी, त्याले समजाले पाहिजे," ते म्हणाले.

आज मी पुन्हा सावद्याच्या बागांमधून धावते. मजूर पुन्हा म्हणतात, "अक्का आली." डिझेल इंजिन अजून ताडपत्रीखाली आहे. योगेंद्रने ते विकलेले नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. माझ्याजवळ आता कापायला काही उरलेले नाही. म्हणून कमलबाई रोज किल्ली फिरवण्याआधी माझे पाणी आणि तेल स्वतः पाहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, तर तुम्हीही तेवढे करा. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी कारागीर झाला, तर आधी मोजा आणि आपण किती कापले ते मागे लिहून ठेवा. कदाचित एक दिवस मीच तुमच्यापुढे उघडे पडेन. तेव्हा माझी कड पुसून ती अक्षरे वाचा, आणि पाते खाली ठेवा.