रानातला परका

हागेनाऊ गावच्या, हाताने पुस्तकं लिहून रंगवणाऱ्या त्या कारखान्यात एनेलीनने बावीस वर्षं सरदार रंगवले, पण एकाही सरदाराची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. लेखनिक वेंडेल पानावर चित्रापुरती जागा सोडायचा, वर लाल शाईत एक ओळ लिहायचा आणि तेवढीच तिला वाचून दाखवायचा. 'इथे सरदार निरोप घेतो.' झालं, काढा घोडा. पानंही सुटी यायची, मागची पुढे नि पुढची मागे.

त्या दिवशी इर्मेलबाईसाहेब आपलं पुस्तक न्यायला आल्या. आधी ऐकीन, मगच नेईन, म्हणाल्या. मोठ्या घरांत पुस्तक कानांनीच पारखतात. वेंडेल मोठ्याने वाचू लागला आणि एनेलीनच्या हातातला कुंचला वाळून गेला. आपण रंगवलेली ही माणसं एकमेकांसाठी इतकी झुरत होती, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

मग रानातलं पान आलं. वरची ओळ होती, 'इथे सरदारीणबाईंना रानात एक वेडा दिसतो.' एनेलीनने दाढीचं जंगल वाढलेला, काळवंडलेला कुणी परका काढला होता. वेंडेल पुढे वाचत गेला, तसं तिला कळलं. तो वेडा म्हणजे खुद्द सरदारच होता. मागच्या सोळा चित्रांत तिनेच त्याला सोनेरी केस दिले होते.

मालक गांगोल्फ टोपी हातात घेऊन बाईसाहेबांना विनवू लागला. कागद खरवडला तर फाटेल, त्यावर नवा तुकडा चिकटवून देतो, पण पुस्तक नाकारू नका. मग तो एनेलीनकडे वळला.

"बावीस वर्षं मीठ खाल्लंस इथलं, आणि सरदार ओळखता येईना होय? बाईसाहेबांनी पुस्तक नाकारलं, तर उद्यापासून कुंचला ठेव आणि घरी बस."

"मला वरची ओळ तेवढी सांगतात, मालक," एनेलीन म्हणाली. "ओळीत सरदार नव्हता."

बाईसाहेबांची नजर चित्रावरून हलेना.

"हात लावू नका त्याला," त्या म्हणाल्या. "गोष्टीतल्या त्या बायकोला तरी कुठे ओळखू आला? आमचे हे बोहेमियाच्या लढाईवरून चार वर्षांनी आले, तेव्हा भिकारी समजून मी त्यांच्या हातावर पाव ठेवला आणि दार लावून घेतलं. अस्सेच दिसत होते."

गांगोल्फ टोपी घालायचं विसरला. आपल्या हातून हे कसं उतरलं, या विचाराने एनेलीनच्या अंगावर काटा आला.

"मग?" तिने भीत भीत विचारलं.

"दाराबाहेर खोकले ते. तो खोकला ओळखीचा होता."

बाईसाहेबांनी वेंडेलला पुढे वाचायची खूण केली. एनेलीन तिथेच जमिनीवर बसून ऐकू लागली.