दुधीला करुणा आली

रोह्यातल्या त्या मंगल कार्यालयात सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर करुणेश्वर महाराज आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसलेलं निम्मं गाव. प्रत्येकाच्या ओंजळीत विभूतीची, नुकतीच पाण्यात बुडवून दिलेली, लिंबाएवढी पुरचुंडी.

"डोळे मिटा. श्वास आत, अहंकार बाहेर! मनात करुणा असेल तर विभूती तापेल. करुणेचं क्वांटम आहे हे!"

थोड्याच वेळात आरोळ्या उठल्या. "तापली! माझी तापली!" कंपनीतली नाइट शिफ्ट करून आलेला हर्षद तर चक्क घोरत होता; त्याचीही तापली. माझीही तापली, हे इथे नोंदवतो. त्या वेळी मी बोंबलाच्या कालवणाचा विचार करत होतो.

गार राहिली ती फक्त विमलबाईंची. शिबिराच्या पहिल्याच दिवशी त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "महाराज, पायाला मुंग्या आल्या तर मधीच उठू का?" तेव्हापासून महाराज त्यांना पुरचुंडी वेगळ्या ताटातून देत.

"माई, तुमच्या हृदयात बर्फ आहे," महाराज रोजच्यासारखे माइकवरून हळहळले. "या हातांनी लहान बाळाला शिवू नका. बर्फ त्याच्यात उतरेल."

विमलबाईंनी ते खरं मानलं. सून अपेक्षा तान्हं बाळ घेऊन खांब गावाहून, माहेराहून नुकतीच परतली होती. आजीने नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

मागच्या रांगेतून वैशाली म्हात्रे उठल्या. नवशिक्यांना योग आणि ध्यान शिकवणाऱ्या या बाईंचा अख्खा वर्ग सध्या इथे बसला होता. त्यांचं माहेर पेणचं, वडिलांचा गणपतीचा कारखाना.

"महाराज, एक प्रयोग करू. विमलबाईंच्या ताटातली पुरचुंडी तुम्ही घ्या. बाकी सगळ्यांच्या ताटातली या दुधीवर ठेवू." विमलबाईंनी महाराजांसाठी परसातला दुधी आणला होता.

"आम्ही परीक्षा देत नसतो."

"घ्या की महाराज," हर्षद जांभई देत म्हणाला, "दुधी पन देतोय."

गाव हसलं आणि महाराजांना हात पुढे करावा लागला. दोन्ही पुरचुंड्या पाण्यात बुडवल्या आणि ध्यान सुरू झालं. महाराजांनी डोळे मिटले. दुधीने मिटले असं धरून चालू.

मग हर्षदने दोन्हीकडे हात लावून पाहिला. "आयला, दुधीवरची तापली! महाराजांची पार गार हाय!"

"दुधी मुळातच सात्त्विक आहे," महाराज म्हणाले.

विमलबाई घाबरल्या. "मंग याची भाजी करू का नको?"

"खुशाल करा," म्हणत वैशालीताईंनी दुधीवरची पुरचुंडी सोडली. आत दगडासारखा पांढरा गोळा. महाराजांच्या पुरचुंडीत नुसती ओली भुकटी. "हे प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी लागलं की घट्ट होतं आणि होताना तापतं. आमच्या कारखान्यात रोज तापतं, तिथे कोणी ध्यानाला बसत नाही. विमलबाईंच्या ताटात खडूची भुकटी. ती गारच राहणार."

तेवढ्यात महाराजांना मागच्या दाराबाहेरची निकड आठवली. ते परतले नाहीत.

"ध्यानात तळहात तापवायचा नसतो," वैशालीताई म्हणाल्या. "श्वासाकडे लक्ष ठेवायचं, मन पळालं तर न रागावता परत आणायचं. पायाला मुंग्या आल्या तर उठायचं. आणि करुणा बघायची तर माणूस वागतो कसा ते बघा. बाळाला काही होऊ नये म्हणून ही आजी स्वतःचे हात आवरून बसली. बर्फ असलेलं माणूस असं करेल? बुद्धांनीही तपासून घ्यायला सांगितलंय. कोणीही चमत्कार दाखवला की आधी तोच चमत्कार दुधीवर करून बघा."

"आई, धरा आता याला," बाळाला घेऊन मागे बसलेली अपेक्षा पुढे येत म्हणाली.

विमलबाईंनी पदराला हात पुसले आणि नातवाला मांडीवर घेतलं. त्याची इवलीशी बोटं एकेक करून मोजली. मग एकदम ओरडल्या, "अगो अपेक्षा, तापली गो! मांडी तापली!"

या वेळी कारण कोणालाच विचारावं लागलं नाही. अपेक्षाने कोरडं दुपटं पुढे केलं.