बीबीची महामाया

"जय भीम वं महामाये!"

हॉटेलच्या काचेच्या दारातून ती आत आली तशी मी ओरडलेच. सारी नोकरी मेहकर डेपोत कंडक्टरकी केलेली बाई मी. माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. काउंटरवरची चिनी पोरगी दचकली.

महामाया लगबगीनं आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. तिनं माझा दंड धरला.

"हळू बोल ना शीले. अन् मले इथं माया म्हणतात."

"हे कोनं ठेवलं वं?"

"सोपं पडते लोकायले," ती म्हणाली आणि इकडेतिकडे पाहिलं.

सोपं तर सोपं. मी मनावर घेतलं नाही. विहाराच्या मंडळींसोबत थायलंड-सिंगापूरच्या यात्रेत मी नाव घातलं, ते काही सिंहाच्या पुतळ्याच्या तोंडातून पडणारं पाणी बघायला नाही. या बयेसाठी घातलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती इथं सिंगापुरात आली, ती इथलीच झाली. मधल्या काळात नुसते फोन. "एक दिवस मंडळीतून सुटी काढ, अख्खं शहर दाखवीन तुले," म्हणाली होती.

आमच्या बीबी गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, मेहकरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. तिथं पहिल्याच दिवशी एका पोरीनं आम्हा दोघींना पाणी वरून ओतून दिलं. मी भित्री. मुकाट्यानं ओंजळ धरली. महामायेनं मात्र माठाचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. "जय भीमवाल्या हाओत आम्ही. बाटला का वं तुमचा माठ?" पुढे नोकरीत एक साहेब मला म्हणाले, ड्युटीवर 'जय भीम' म्हणू नका. मी म्हटलं, "राम राम चालते, तं हे काऊन नाही चालत साहेब?" ते धाडस माझं नव्हतं, महामायेचं होतं. मी ते जन्मभर वापरलं.

तर आम्ही निघालो. इथल्या मेट्रो गाडीला ना ड्रायव्हर ना कंडक्टर. कार्ड टेकवा आणि आत शिरा.

"बाप्पा! आमच्या पोटावर पायच दिला म्हन की," मी म्हणाले.

महामाया खळखळून हसली. तेवढ्यापुरती ती पुन्हा बीबीची झाली. मला फार बरं वाटलं.

मग चिनी वस्तीतलं मोठं बुद्धमंदिर. वरच्या मजल्यावर चपला काढायच्या होत्या. मी गुडघे टेकले, डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. वळून पाहते तर ही दाराबाहेरच, फोनमध्ये डोकं घालून.

"ये ना वं आत."

"तू घे करून. माह्या सँडलचा पट्टा लय किचकट हाये."

मी तेही खरं मानलं. गाढवच मी.

दुपारी जेवायला तिची मैत्रीण आली. राखी नाव, मूळची पुण्याची, इथल्या मराठी मंडळातली. स्वतःची गाडी घेऊन आली होती. बाई हसतमुख होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं विचारलं, "तुमची ओळख कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत महामाया बोलली. तिची वऱ्हाडी कुठल्या कुठे पळाली होती.

"या आमच्या गावाकडच्या. यांचे वडील आमच्या शेतात कामाला होते."

आमचं शेत? हिचा बाप पंजाबराव आणि माझा बाप, दोघंही महादेवराव पाटलाच्या शेतात राबले. दोघांच्या भाकरी एका फडक्यात बांधून जायच्या. सकाळपासूनचं सगळं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं: ते नाव, तो सँडलचा पट्टा, ते इकडेतिकडे बघणं. आपण कोण ते लपवायचं तर लपव बाई, भीती मलाही ठाऊक आहे. पण 'गावची मैत्रीण' म्हणाली असतीस तर काय तोंड झिजलं असतं? मला खाली ढकलून तुला वर चढायची काय गरज होती?

"मावशी, संकोच करू नका, पोटभर जेवा," राखी म्हणाली. माझ्याच वयाची बाई मला मावशी म्हणत होती. "खूप मोठी शेती होती ना यांची? माया नेहमी सांगते."

महामाया पापडाचा चुरा करत होती. मान वर नाही. माझ्या एका वाक्यानं तिचं इथलं सगळं उभारलेलं कोसळलं असतं, आणि ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

"लय मोठं होतं ते वावर," मी म्हणाले. "दिसभर निंदलं तरी पात सरत नव्हती."

राखी कौतुकानं हसली. महामायेनं पाण्याचा ग्लास उचलला. त्या पातीतलं तण तिची आई तानाबाई माझ्या आईच्या शेजारी बसून मजुरीनं खुरपायची.

सिंहाचं पाणीही पाहिलं मग. "मावशी, आमच्या दोघींचा एक फोटो काढता?" राखी म्हणाली. काढला. दोघी छान आल्या.

संध्याकाळी राखीच्या गाडीनं मला हॉटेलवर सोडलं. महामाया एकटीच उतरून दारापर्यंत आली आणि सकाळी पडली नव्हती ती आता गळ्यात पडली.

"राग नको धरू वं शीले. तुले नाही समजनार इथलं." मग कानाशी तोंड आणून, श्वासाइतक्या आवाजात म्हणाली, "जय भीम."

राग तर होताच. पण उभ्या जन्मात मी कोणाचा जय भीम बिनउत्तराचा ठेवलेला नाही. तो हिच्याचकडून शिकलेला. मी उत्तर दिलं, शेवटच्या सीटपर्यंत जाईल असं.

"जय भीम, महामाये!"

तिचे हात सुटले. तिनं आधी मागे वळून गाडीकडे पाहिलं. काचा बंद होत्या. राखी आत फोनवर बोलत होती, तिच्यापर्यंत काही गेलं नव्हतं.

महामायेनं हुश्श केलं. ते मात्र मला ऐकू आलं.