फुग्यांची दाढी

दोघा भावांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, आणि त्यातली एक पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवलेली होती. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ही बिघडलीय का?" थोरला कात्री न थांबवता सांगायचा, "खुर्ची धडधाकट आहे." कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालणारा धाकटा तेवढ्यापुरती मान खाली घालायचा. बिघडलं होतं ते खुर्चीमागे उभं राहणारं माणूस. ते आता दुरुस्त होऊन आलं होतं, निदान त्याचं स्वतःचं तसं म्हणणं होतं.

धाकट्याचा हात एके काळी असा होता, की दाढी होता होता माणसं खुर्चीतच घोरायला लागायची. पुढे दारू आली. आधी सुट्टीच्या दिवसाची, मग रोजची, मग सकाळची. सकाळी हात थरथरायचा, आणि ती थरथर थांबवायला तो मागच्या खोलीत जाऊन दोन घोट घ्यायचा. मग थोडा वेळ हात दगडासारखा. आगीत तेल ओतून आग विझवायचा हा उद्योग, पण पिणाऱ्याला तो फार हुशारीचा वाटतो.

भावांची एक जुनी रीत होती. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी, शटर पुरतं वर जायच्या आधी, ते एकमेकांची दाढी करायचे. "ज्याच्या हाती गिऱ्हाइकाचा गळा द्यायचा, त्याच्या हाती आधी आपला द्यावा," असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि वडील गेल्यावरही मुलांनी ते पाळलं. अशाच एका सकाळी धाकटा मागच्या खोलीतून तोंड पुसत आला. थोरल्याने विचारलं, "हात ठीक आहे ना?" धाकटा म्हणाला, "एकदम." आणि मानेवरून वर येता येता वस्तरा जबड्याखाली रुतला.

थोरला ओरडला नाही. एका हाताने टॉवेल दाबून धरला, दुसऱ्याने भावाच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि टाके घालून घ्यायला गेला. पुढे त्याने दाढी राखली. दाढी चांगली भरघोस वाढली. दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्याला स्वतःच्या दाढीला सवड नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी थट्टा केली, थोरल्याने ती हसण्यावारी नेली. त्या केसांखाली काय आहे हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं, आणि वहिनीच्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर आली नाही.

धाकटा त्यानंतर आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथे रडला, भांडला, उलट्या केल्या, एकदा पळून जायला निघून फाटकापासून परत फिरला. तिथल्या डॉक्टरबाईंनी घरी सोडताना सांगितलं, "थरथर अधूनमधून भेटायला येईल. झोप झाली नाही, ताप आला, धसका बसला, की येईल. ती दारूची नसेल. तिला घाबरायचं नाही आणि लपवायचं तर मुळीच नाही." धाकट्याने मान डोलावली. त्याला वाटलं, हे बाई सगळ्यांनाच सांगत असतील.

घरी आला तेव्हा गालांवर मांस आलं होतं आणि डोळे धुतल्यासारखे दिसत होते. बायकोने त्याला बघून आधी हसावं की रडावं हे ठरवता न आल्याने दोन्ही केलं. दुसऱ्याच दिवशी तो सलूनमध्ये हजर.

"दादा, माझी खुर्ची?"

"टॉवेल धू," थोरला म्हणाला. "बघू."

धाकटा टॉवेल धुऊ लागला. पण नुसत्या टॉवेलांनी भागेना, म्हणून शिकाऊ पोरांची परीक्षा तो स्वतःच देऊ लागला. नव्या कारागिराला वस्तरा शिकवतात तो फुग्यावर. फुगा फुगवायचा, साबणाचा फेस माखायचा आणि वस्तऱ्याने तो सगळा उतरवायचा. फुगा फुटला की नापास. एके काळी ज्याने दुसऱ्यांना हे शिकवलं, तो आता दुपारच्या रिकाम्या वेळी मागच्या खोलीत बसून फुग्यांच्या दाढ्या करू लागला.

पहिले फुगे असे फुटले, की बाहेर गिऱ्हाईक दचकून उठायचं. एकदा फेस उडून दारात उभ्या असलेल्या मास्तरांच्या चष्म्यावर बसला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, पण वर्ग सुटलाय हे अजून मान्य न केलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसता पुसता धाकट्याचं बारसं करून टाकलं. "काय फुगेवाले, आज किती गिऱ्हाइकं दगावली?" नाव चिकटलं. धाकट्याला राग आला नाही. केंद्रातल्या दिवसांनंतर कुणी हसतंय हेच त्याला छान वाटत होतं.

हळूहळू फुगे फुटायचे थांबले. साधे, लांबट, पातळ रबराचे, सगळे गुळगुळीत होऊन निघू लागले. तसा एक चकाकता फुगा घेऊन तो थोरल्यासमोर उभा राहिला. थोरल्याने फुगा बघितला, भावाकडे बघितलं.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "टॉवेल वाळले का?"

त्या संध्याकाळी धाकट्याचं डोकं फिरलं. घरी जाताना दारूचं दुकान लागायचं, तिथे त्याची चाल मंदावली. मग तो तसाच वळला आणि भावाच्या घरी गेला, कारण राग आला की एकटं राहायचं नाही एवढं तो शिकून आला होता. वहिनी कांदा चिरत होती. तिने त्याचं तोंड बघून आधी त्याला जेवायला वाढलं.

"वहिनी, मी कितीही केलं तरी दादाच्या मनातून ते जात नाही."

"दुधाने तोंड पोळलंय त्यांचं. ताक फुंकून पिणारच."

"मग आणखी किती फुगे करू?"

"मला विचारशील तर ते फुगे बघतच नाहीत."

"मग काय बघतात?"

"ते मला सांगतात होय? तुझाच भाऊ आहे तो. दोघांच्याही तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी." तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. धाकटा पोटभर जेवून दुसऱ्या रस्त्याने घरी गेला.

मग एका सकाळी संधी चालून आली. कुणाकडे तरी लग्न होतं आणि सलून माणसांनी भरलेलं. मास्तर घाईत आले. त्यांना शाळेने पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

"मला थांबायला वेळ नाही. फुगेवाल्याकडून करून घेतो," त्यांनी जाहीर केलं. "फार तर काय, फुटेन."

सगळे हसले. थोरल्याची कात्री थांबली. त्याने आरशातून भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "चादर काढ."

धाकट्याला आनंद एवढा झाला, की चादर काढताना त्याने ती अर्धी जमिनीवर लोळवली. मास्तर बसले. ब्रश फिरला, फेस चढला. मग धाकट्याने वस्तऱ्यात नवीन पातं बसवलं आणि त्याला ते दिसलं. पात्याचं टोक हलत होतं. आदल्या रात्री त्याच्या मुलीला ताप होता, त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरबाईंची पाहुणी नेमका आजचा मुहूर्त धरून आली होती.

लपवायची युक्ती त्याला येत होती. कोपर बरगडीला घट्ट लावायचं, करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवायची, कुणाला पत्ता लागत नाही. कदाचित काही झालंही नसतं. एवढ्या दिवसांची वाट आणि आता माघार घ्यायची, या विचाराने त्याला रडूच यायचं बाकी होतं. जिभेवर जुना शब्द तयारच होता. तो त्याने गिळला.

"मास्तर, माफ करा," तो म्हणाला. "रात्रभर मुलीजवळ जागा होतो. प्यायलेलो नाही, पण हात आज भरवशाचा नाही. दादा, यांची दाढी तू कर."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "गेला, फुगेवाला फुटला," आणि दोघंचौघं हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. थोरल्याने येऊन दाढी पुरी केली. मास्तर गेल्यावर धाकट्याने स्वतःच चादर झटकली आणि खुर्ची झाकली. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, असं त्याला वाटलं. तरी घरी पोचला तेव्हा मुलीचा ताप उतरला होता. तो तिच्या शेजारी आडवा झाला आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यानंतरच्या सकाळी तो सलूनवर आला, तर शटर अर्धंच वर होतं. वाकून आत गेला. दुसऱ्या खुर्चीवरची चादर गायब होती. ती धुऊन, गळ्याभोवती गुंडाळून, थोरला खुर्चीत बसला होता.

"काढ ही दाढी," तो म्हणाला. "उकडतं फार."

धाकटा जागचा हलला नाही. "दादा, परवा तर माझा हात..."

"तुझ्या हाताची मला कधीच भीती नव्हती रे. थंडीत माझाही थरथरतो. त्या दिवशी मी विचारलं होतं, ठीक आहे ना, आणि तू म्हणालास, एकदम. मला भीती बसली ती त्या 'एकदम'ची. फुगे काय, शंभर केलेस. पण 'नाही' म्हणालास तो परवा, तेही भरल्या दुकानात." थोरला जरा खाकरला. "आता विचारतो. हात ठीक आहे ना?"

धाकट्याने उजवा हात समोर धरला. दोघांनी तो नीट, सावकाश बघितला.

"आज ठीक आहे," धाकटा म्हणाला.

"मग चालव."

आधी कात्री चालली, मग मशीन, मग फेस आला. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने बाहीला पुसलं आणि डोळे कोरडे झाल्यावरच वस्तरा उचलला. गाल निघाले, हनुवटी निघाली. जबड्याखालचा व्रण दिसला, तेव्हा त्याने क्षणभर त्यावर अंगठा ठेवला. मग कातडी ताणून वस्तरा त्याच्यावरून अलगद खाली आणला. टिपूसभरसुद्धा रक्त आलं नाही. त्याचा ऊर असा भरून आला, की या घटकेला त्याला कुणी जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हटलं असतं तरी तो नाही म्हणाला नसता.

तेवढ्यात मास्तर शटरखालून वाकून आत आले. पाठ सरळ करत त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "काय फुगेवाले, आज..."

धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीत थोरला मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून, चक्क घोरत होता.

"हळू बोला, मास्तर," धाकटा म्हणाला. "माझं गिऱ्हाईक झोपलंय."