आधी बापाचं, मग आईचं

झुल्माला ते काम कुणी प्रेमाने दिलेलं नव्हतं. आरोग्य कचेरीतली बाकी मंडळी नव्या इमारतीत गेली, तेव्हा जुनी यंत्रं आणि झुल्मा मागे राहिली, एवढंच. मग वरून हुकूम आला की गावाची एकच यादी हवी. गाव एकच, पण मधल्या रस्त्याने त्याचे दोन देश केलेले: अलीकडे उरुग्वे, पलीकडे ब्राझील. माणसं सकाळी पाव इकडे घेतात आणि दुपारी दात तिकडे काढून येतात. निम्म्या गावाकडे कागद दोन्हीकडचे. नोंदींची टेबलं पाच होती. इकडची जन्मांची, लसींची आणि दवाखान्याची. तिकडची इस्पितळाची आणि दफनांची. या पाचांचं एक टेबल करायचं, एका माणसाची एकच ओळ ठेवायची, तेही शुक्रवारपर्यंत. वर एक अट होती. पंधरा वर्षांत ज्याची कुठेच नोंद नाही, त्याचं नाव नव्या यादीतून गाळायचं.

या अटीने झुल्माची झोप उडवली होती. तिचा धाकटा भाऊ एबेर सतरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. आईच्या दफनाला तो पिऊन आला होता, धड उभंही राहवत नव्हतं त्याला. झुल्मा चारचौघांत म्हणाली होती, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या या माणसाने एवढं मात्र ऐकलं. राजधानीत असेल, लग्नबिग्न केलं असेल, असं ती लोकांना सांगायची. लोक आधी मान डोलवायचे, पुढे विचारेनासे झाले. संध्याकाळी ती घरी एकटी माते पीत बसे. माते हे हातोहात फिरवायचं पेय. एकट्याने प्यायलं की पहिला घोटही आपला आणि शेवटचाही. शुक्रवारी यादीतूनही एबेर गेला असता, म्हणजे तो होता याला साक्षीदार म्हणून एकटी झुल्माच उरली असती.

बुधवारी तिने जोडणी चालवली. नियम तिचाच, दहा वर्षं वापरातला: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव, जन्मतारीख. अक्षराला अक्षर जुळलं तर माणूस तोच. पलीकडून आलेल्या एकोणीस हजार ओळींतल्या जेमतेम चारशे जुळल्या, आणि एबेर त्यांत नव्हता.

गुरुवारी पलीकडच्या कचेरीतला इतामार आपली टेबलं नीट पोचली का ते बघायला आला. माणूस निवृत्तीला टेकलेला, जीभ मात्र अजून तरुण. पडद्याकडे बघून तो हसायलाच लागला.

"चारशेच? अहो झुल्माबाई, निम्मं गाव आमच्याकडे येऊन बाळंत होतं."

"तुमच्या लोकांना नावं लिहिता येत नाहीत, त्याला मी काय करू?"

"येतात की. तुम्ही आधी बापाचं आडनाव लावता, मग आईचं. आमच्यात आई आधी, बाप शेवटी. तुमच्या यंत्राने अख्ख्या गावाला स्वतःचाच मामेभाऊ करून ठेवलंय."

हे झुल्माला माहीत नव्हतं थोडंच. सरहद्दीवरच्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. पण जे रोज तोंडात असतं, तेच यंत्राला सांगायचं राहून जातं. ती मनातून ओशाळली, वरून त्याच्यावर चिडली, आणि तो गेल्यावर तिने नियमात एक ओळ घातली: पलीकडची आडनावं उलट क्रमाने वाच. जुळलेल्या ओळी अकरा हजारांवर गेल्या. मग तिने एबेरचं नाव टाकलं.

नोंदी चार निघाल्या. तीन इस्पितळातल्या, छातीच्या दुखण्याच्या. चौथी दफनांच्या टेबलातली, सहा वर्षांपूर्वीच्या जूनमधली. पत्ता पलीकडचा, मधल्या रस्त्यापासून सात गल्ल्यांवरचा. राजधानीबिजधानी काही नाही. अकरा वर्षं तो सात गल्ल्यांवर राहत होता आणि बहिणीला तोंड दाखवायचं नाही म्हणून रस्ता ओलांडत नव्हता.

त्या ओळीत पुढे नातेवाइकांचा रकाना होता. बहीण, झुल्मा तेचेरा ओलिवेरा, राहणार अलीकडे. त्याच्यापुढे शेरा: अलीकडच्या कचेरीत चौकशी केली, अशी व्यक्ती नाही. बेवारस दफन.

अलीकडची कचेरी म्हणजे हीच खोली. पलीकडून दर सोमवारी चौकशीच्या नावांची फाइल यायची. झुल्मा ती न उघडताच आपल्या प्रोग्रामच्या हवाली करायची आणि निघेल ते उत्तर परत धाडायची. त्या सुमाराची फाइल सापडायला वेळ लागला नाही. एकतीस नावं होती, तिचं बाविसावं. समोर उत्तर: सापडत नाही. खाली पाठवणारीचं नाव: झुल्मा ओलिवेरा तेचेरा. आणि तारीख मृत्यूच्या नऊ दिवस आधीची. म्हणजे विचारणा झाली तेव्हा तो जिवंत होता, खाटेवर पडून तिची वाट बघत होता.

झुल्मा रडली, मोठ्याने रडली. नव्या इमारतीपर्यंत आवाज जाण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाला तरी फोन करावा म्हणून तिने फोन हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नावं पाहिली आणि तो ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी यादी पाठवून ती रस्ता ओलांडून पलीकडच्या दफनभूमीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने वही चाळून सांगितलं की तो मागच्या भिंतीतल्या शवपेटीच्या कप्प्यात आहे, आजवर त्याच्याकडे कुणी आलेलं नाही. आलेल्याचं नाव लिहावं लागतं. आपण त्याच्या कोण?

"बहीण."

"नाव?"

"झुल्मा तेचेरा ओलिवेरा," तिने त्यांच्या पद्धतीने सांगितलं. या क्रमाने तिने स्वतःचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं.

कारकुनाने बोट सरकवत ओळ वाचली आणि चष्मा वर केला. "हे नाव आहे की इथे. तुम्हाला शोधलं होतं हो बाई आम्ही. तिकडून कुणीतरी कळवलं, अशी बाईच नाही म्हणून."

"मीच कळवलं होतं," झुल्मा म्हणाली.